लॉग टेबलातले आकडे आले कुठून?

(अड्याळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तितकी तशीच ठेवली आहेत. फळ्यावरची आकडेमोड मजकुरात घेतली आहे.)



सुरुवातीला एक खुलासा. नागपूरच्या एका मित्राला मी म्हणालो, अड्याळला व्याख्यान आहे. तो म्हणाला, "अरे वा, टेकडीवर का?" मी म्हटलं, बाबा, ती अड्याळ टेकडी ब्रह्मपुरीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली. हे आपलं पवनी तालुक्यातलं अड्याळ. नाव एकच, वस्तू दोन. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा घोटाळा आवडतोच, पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय लॉग टेबल. इथं अकरावी-बारावीची मुलं-मुली बसलेली दिसतात. तुमच्या बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या पेपरवर सूचना छापलेली असते की लॉग टेबल वापरायला परवानगी आहे, कॅल्क्युलेटरला नाही. खिशात मोबाइल बाळगणारी मुलं परीक्षेच्या तीन तासांपुरती चारशे वर्षं मागं जातात. मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "सर, २ चा लॉग ०.३०१० हे आम्ही पाठ केलं. पण हा आकडा पहिल्यांदा काढला कसा? तेव्हा तर टेबल नव्हतं." मी तेव्हा घाईत होतो, पुढच्या वेळी सांगतो म्हटलं. ती पुढची वेळ आज आहे. आणि ती मुलगी पहिल्याच बाकावर आहे.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. १९६७ च्या सुमाराची. मी प्री-युनिव्हर्सिटीला होतो. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर एक जुनं लॉग टेबल घेतलं, मुखपृष्ठ गेलेलं. प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याची लांबी ९२ सेंटिमीटर, आणि आवर्तकालाचा वर्ग आला ३.७. मग g काढायचा: ३९.४८ गुणिले ९२, भागिले ३.७. लॉग घेतले, बेरीज-वजाबाकी केली, अँटिलॉग पाहिला. उत्तर आलं ९९४. यायला हवं ९८१ च्या आसपास. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं, ९९४. तिसऱ्यांदा केलं, ९९४. दोरा बदलला, गोळा बदलला, स्टॉपवॉच बदललं. शेवटी माझ्या हातालाच दोष दिला गेला, आणि मलाही तो पटला.

महिनाभरानं शेजारच्या मित्राच्या पुस्तकात सहज पाहिलं. ३.७ चा लॉग ०.५६८२. माझ्या पुस्तकात ०.५६२८. छापताना दोन आकड्यांची अदलाबदल झालेली, बस. दोरा, गोळा, घड्याळ आणि मी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. पुस्तकावर कुणी घेतला नव्हता, मी तर नाहीच.

आणि गंमत बघा, चूक डोळ्यांसमोर होती. ३.६९ चा लॉग ०.५६७०. ३.७१ चा ०.५६९४. मधल्या ३.७० चा ०.५६२८ कसा असेल? संख्या वाढते आणि लॉग कमी होतो? पण टेबलात ३.६९ हा एका ओळीच्या शेवटी येतो आणि ३.७० पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. ओळ बदलली की आपण तुलना करत नाही. छापलेलं आहे ना, मग बरोबरच असणार.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

लॉग म्हणजे काय, हे एका वाक्यात. १० चा कितवा घात घेतला म्हणजे २ मिळतात? जो घातांक येईल तो २ चा लॉग. १० चा शून्यावा घात १, पहिला घात १०. २ या दोघांच्या मधे आहे, म्हणून लॉग ० आणि १ च्या मधे आहे. एवढं पाहताक्षणी कळतं. पुढचे आकडे काढायला वर्गमूळ नको, कलन नको, काही नको. फक्त गुणाकार यायला हवा आणि आकडे मोजता यायला हवेत.

मोठ्या संख्येत आकडे किती हे लॉग सांगतो. १००० ते ९९९९ मधल्या कुठल्याही संख्येत चार आकडे, आणि तिचा लॉग ३ पूर्णांक काहीतरी. आकड्यांची संख्या वजा एक म्हणजे लॉगचा पूर्ण भाग. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पहिल्या घरात धानाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. सगळे मिळून २ च्या ६४ व्या घातापेक्षा एक कमी. ही संख्या २० आकडी आहे. म्हणजे २ च्या लॉगची ६४ पट १९ आणि २० च्या मधे आहे. १९ ला ६४ नं भागा, ०.२९६ येतं. २० ला भागा, ०.३१२ येतं. दाणे मोजणाऱ्याला लॉगचा पहिला आकडा जवळजवळ सापडलेलाच होता, त्याला ते ठाऊक नव्हतं इतकंच.

६४ च्या जागी १० घेतले तर काम सोपं होतं. २ चा १० वा घात १०२४. चार आकडे, म्हणून ३. हा लॉगचा दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा. का? कारण लॉग दहापट झाला, म्हणजे दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकलं, आणि आकडे मोजून आपण त्याचा पूर्ण भाग वाचला.

आता ते ३ बाजूला ठेवायचे. १०२४ ला १००० नं भागायचं. उरले १.०२४. पुन्हा तेच: १.०२४ चा दहावा घात १.२६७६५०६. दशांश चिन्हाच्या डावीकडे एकच आकडा, म्हणून ०. दुसरा आकडा मिळाला. भागायचं काही नाही. आता १.२६७६५०६ चा दहावा घात १०.७१५. डावीकडे दोन आकडे, म्हणून १. दहानं भागा, १.०७१५. त्याचा दहावा घात १.९९५, म्हणून ०. १.९९५ चा दहावा घात, नीट केला तर, ९९९.००. तीन आकडे, म्हणून २. शंभरानं भागा, ९.९९००. त्याचा दहावा घात दहा आकडी, म्हणून ९. पुढं आणखी ९, आणखी ९, मग ५.

०.३०१०२९९९५.

झालं. टेबल लागलं नाही. दहावा घात करायला दहा वेळा गुणावं लागतं असं समजू नका. वर्ग करा, त्याचा वर्ग करा, त्याचाही वर्ग करा, आठवा घात आला. त्याला पहिल्या वर्गानं गुणा, दहावा आला. एका आकड्याला चार गुणाकार.

पण "नीट केला तर" असं मी म्हणालो, तिथं थांबायला हवं. समजा कुणी कंटाळून १.२६७६५०६ ऐवजी १.२७ घेतलं. फरक किती? हजारात दोन. चालतं की! बघूया चालतं का. १.२७ चा दहावा घात १०.९१५. दोन आकडे, म्हणून १. बरोबर. दहानं भागून १.०९१५, त्याचा दहावा घात २.४०. एक आकडा, म्हणून ०. हेही बरोबर. २.४ चा दहावा घात ६३४०. चार आकडे, म्हणून ३! यायला हवे होते २. दोन पायऱ्या चूक दिसली नाही, तिसऱ्या पायरीला उघडी पडली. कारण प्रत्येक दहाव्या घातात चूकही दहापट होते. हजारात दोन, मग शंभरात दोन, मग पाचात एक, असं ते वाढत जातं. म्हणून जितके आकडे हवे तितके आणि वर दोन-चार जास्त आकडे पहिल्यापासून सांभाळावे लागतात. उधारीसारखं आहे हे. फेडावी लागतेच, फक्त उशिरा.

आता नव्यांची ती रांग पुन्हा बघा. पाचव्या आकड्याच्या वेळी ९९९.०० आले होते. हजाराला जेमतेम एक कमी. आपल्या आकडेमोडीत थोडीशी चूक वरच्या बाजूला झाली असती तर तिथं १०००.२ आले असते, आणि आपण २ ऐवजी ३ लिहिले असते. मग पुढचे आकडे ०, ०, ० असे. म्हणजे ०.३०१०३०००. आणि खरं उत्तर ०.३०१०२९९९. दोन उत्तरांतलं अंतर नगण्य, पण आकडे बघाल तर एका जागेपासून पुढं सगळेच वेगळे! संख्या जवळजवळ बरोबर आणि आकडे साफ चूक, असं होऊ शकतं. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे, गणिताचा नाही. पण हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

कारण यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. समजा आकडेमोड चालू आहे आणि ९, ९, ९, ९ येतच आहेत. हे नऊ कधी थांबणार? कधीच थांबले नाहीत तर ती संख्या नेमकी ०.३०१०३ आहे, आणि मग पाचवा आकडा ३ म्हणायचा. कुठंतरी थांबले तर २ म्हणायचा. पण "कधीच" हे बघून कसं कळणार? बघणारा माणूस तर कधीतरी थकणारच.

इथं आकडेमोड हात टेकते आणि तर्क मदतीला येतो. समजा २ चा लॉग हा एक अपूर्णांक आहे, p भागिले q. म्हणजे १० चा p वा घात बरोबर २ चा q वा घात. डावी बाजू ५ नं भागली जाते. उजवीकडे फक्त २ गुणिले २ गुणिले २. त्याला ५ नं कसा भाग जाईल? २, ४, ८, ६, २, ४, ८, ६, शेवटचा आकडा याच फेऱ्यात फिरतो, ० किंवा ५ कधी येतच नाही. म्हणून समानता अशक्य. २ चा लॉग कुठलाच अपूर्णांक नाही, तो अपरिमेय आहे. त्याचे दशांश कधी संपत नाहीत, कधी एका फेऱ्यात अडकत नाहीत, आणि नव्यांची रांग कितीही लांबली तरी ती कुठंतरी तुटतेच.

चार ओळींची सिद्धता आहे ही. पण तिचं काम बघा. आपली पद्धत कुठल्याही आकड्यापाशी कायमची अडकून पडणार नाही, याची हमी ती देते. किती पुढं जावं लागेल ते सांगत नाही. पोचाल, एवढंच सांगते.

ब्रौवर नावाचा डच गणितज्ञ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं सगळ्यांशी वाद मांडला. तो म्हणायचा, आकडा काढण्याची रीत हाती असल्याशिवाय तो आकडा "आहे" असं म्हणू नका. पायच्या दशांशांत कुठंतरी ०१२३४५६७८९ अशी ओळीनं रांग येते का, हा त्याचा लाडका प्रश्न. तो म्हणे, "येते किंवा येत नाही, दोनांपैकी एक खरं असणारच" असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. पुढं १९९७ मध्ये कानडा या जपानी गणितज्ञाच्या संगणकाला ती रांग सापडली, सतरा अब्ज जागांच्या पलीकडं. उदाहरण गेलं, प्रश्न राहिला. २ च्या लॉगमध्ये ० ते ९ हे सगळे आकडे सारख्या प्रमाणात येतात का? आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. माझं स्वतःचं मत ब्रौवरइतकं कडक नाही. पण "आकडे तिथं आधीच लिहून ठेवलेत, आपण फक्त पडदा सरकवतो" असं कुणी फार सहज म्हणालं तर मला त्याला त्या ९९९.०० पाशी नेऊन बसवावंसं वाटतं.

(येथे काही वेळ वीज गेली होती. पुढचा भाग माइकशिवाय बोललेला आहे.)

बरं, इतिहासात हे असं केलं का? नाही. स्कॉटलंडच्या नेपियरनं १६१४ मध्ये लॉगचं पहिलं पुस्तक काढलं. ते दहाच्या पायावरचं नव्हतं. लंडनचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज ते वाचून इतका भारावला की १६१५ मध्ये थेट एडिंबरोला गेला. दोघांनी मिळून ठरवलं की १ चा लॉग ० आणि १० चा १ ठेवू. नेपियर १६१७ मध्ये वारला. ओझं ब्रिग्जच्या खांद्यावर.

ब्रिग्जनं वर्गमुळं काढली. १० चं वर्गमूळ ३.१६२२८, त्याचा लॉग अर्धा. त्याचं वर्गमूळ १.७७८२८, लॉग पाव. असं करत करत ओळीनं चौपन्न वर्गमुळं. हातानं, तीसेक आकडे सांभाळून. एक चुकलं की पुढची सगळी वाया.

या पायऱ्यांवरून २ चा लॉग असा उतरतो. २ ला १.७७८२८ नं भागा, उरले १.१२४६८, आणि हिशेबात जमा ०.२५. पुढचं बसणारं वर्गमूळ १.०७४६१, त्याचा लॉग एक बत्तिसांश. भागा, उरले १.०४६६०. मग १.०३६६३, एक चौसष्टांश, उरले १.००९६१. मग १.००९०४, दोनशे छप्पन्नांवा भाग, उरले १.०००५७. जमेची बेरीज ०.३००७८. उरलेल्या ०.०००५७ ला ०.४३४३ नं गुणा, ०.०००२५ येतात. एकूण ०.३०१०३. दुकानदार पाच किलो, दोन किलो, अर्धा किलो, पन्नास ग्रॅम अशी वजनं टाकत माल तोलतो ना, तसंच हे. फक्त बेरजेऐवजी भागाकार.

हा ०.४३४३ कुठून आला? चौपन्न वर्गमुळं त्यासाठीच. वर्गमुळं घेत गेलं की संख्या १ च्या जवळ येत जाते, आणि मग वरचा जो तुकडा उरतो त्याचं आणि लॉगचं प्रमाण ठरलेलं होऊन बसतं. १० चं दहा वेळा वर्गमूळ घेतलं की १.००२२५१ येतं. त्याचा लॉग एक भागिले १०२४, म्हणजे ०.०००९७६६. भागून बघा, ०.४३३८ येईल. आणखी पुढं जाल तसं ते ०.४३४३ कडे सरकतं. ब्रिग्जचं पुस्तक १६२४ मध्ये आलं, चौदा दशांश स्थळांपर्यंत. १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,०००. मधला खड्डा हॉलंडच्या फ्लाकनं १६२८ मध्ये भरला, दहा स्थळांपर्यंत.

पुढं १६६८ मध्ये मर्केटरनं श्रेढी छापली आणि वर्गमुळांची हमाली सुटली. त्यात फार शिरत नाही, एकच नमुना. १.०२४ मधले ०.०२४ घ्या, २.०२४ नं भागा: ०.०११८५७७. त्याची दुप्पट, अधिक त्याच्या घनाची दोन तृतीयांश, एवढ्यानंच ०.०२३७१६५२६५. याला ०.४३४२९४४८ नं गुणा, ०.०१०२९९९५६ येतं. त्यात ३ मिळवा, दहानं भागा. ०.३०१०२९९९५६. दोन पदांत दहा आकडे. ब्रिग्ज बघता तर रडला असता.

आता कुणी म्हणेल, सर, चार आकडे आम्हाला पुरतात, दहा-चौदा कशाला? इथून हिंगणघाट काही फार लांब नाही. तिथं विल्यम लॅम्बटनची कबर आहे. दक्षिणेकडून भारताची त्रिकोणमितीय मोजणी करत आलेला हा माणूस हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता, २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्या मोजणीत जमिनीवर साखळीनं एकच बाजू मोजायची आणि पुढची प्रत्येक बाजू कोनांवरून काढायची. प्रत्येक वेळी लॉगची बेरीज-वजाबाकी. चार आकडी टेबलात शेवटच्या आकड्याच्या अर्ध्यापर्यंत चूक असतेच. तीस किलोमीटरच्या बाजूवर ती साडेतीन मीटर होते. आणि ही चूक पुढच्या त्रिकोणात जाते, तिथून त्याच्या पुढच्या. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत.

म्हणून टेबलातली छापील चूक ही थट्टेची गोष्ट नव्हती. चार्ल्स बॅबेज, ज्याला संगणकाचा आजोबा म्हणतात, त्यानं १८२० च्या दशकात वेगवेगळी लॉग टेबलं ताडून पाहिली. फ्लाकच्या चुका दोनशे वर्षं पुस्तकामागून पुस्तकात उतरत आलेल्या. चीनमध्ये छापलेल्या एका टेबलातही त्यातल्याच चुका निघाल्या. म्हणजे तेही फ्लाकवरूनच उतरवलेलं. बरोबर आकडे सगळ्यांचे सारखेच असतात, त्यावरून कुणी कुणाची नक्कल केली हे कळत नाही. चूक सारखी असली की वंशावळ कळते.

हे वाक्य मला पहिल्यांदा गणितात नाही, अमरावतीच्या एका कामात भेटलं. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात हिरालाल जैन प्राध्यापक होते. त्यांनी 'षट्खंडागम' हा दिगंबर जैनांचा आगमग्रंथ वीरसेनांच्या 'धवला' टीकेसह संपादित करून १९३९ पासून अमरावतीहून छापायला घेतला. सोळा खंड झाले. मूळ ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला. सुरुवातीला संपादकांच्या हाती ती नव्हती. अमरावती, कारंजा, आरा इथल्या प्रती होत्या, म्हणजे नकलेच्या नकला. कुठल्या प्रतीत कुठली चूक, कुठली चूक दोघींत सारखी, यावरून पाठ ठरवायचे. बॅबेजचंच काम, प्राकृतात.

आणि योगायोग असा की याच धवलेत लॉग आहे. वीरसेन नवव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यांचा शब्द 'अर्धच्छेद'. संख्या किती वेळा अर्धी करता येते? ८ चे अर्धच्छेद ३, ६४ चे ६. म्हणजे दोनच्या पायावरचा लॉग. तीनच्या पायाचे त्रिकच्छेद, चारच्या पायाचे चतुर्थच्छेद. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही त्यांना ठाऊक आहे. लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी चौथ्या खंडाला धवलेतल्या गणितावर लेख जोडला, तेव्हा हे सगळं नीट उजेडात आलं.

आता लगेच कुणी टाळ्या वाजवून "नेपियरच्या आधी आमच्याकडे" असं म्हणू नये. वीरसेनांना विश्वाच्या अफाट संख्यांची जात लावायची होती. १० चे अर्धच्छेद किती? १०, ५, अडीच, सव्वा, आणि मग? नेमकं १ वर येऊन थांबत नाही. दशांश विस्ताराचा प्रश्न तिथं सुरू होतो, आणि त्यांना तो विचारायचाच नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा, तो त्यांनी उत्तम सोडवला. दुसऱ्याचा मुकुट त्यांच्या डोक्यावर कशाला?

शेवटी माझ्या विषयाचं थोडं. आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. ज्ञान खरं आहे हे कशावरून? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. बाध येईपर्यंत ते खरंच धरा, संशयाला कारण लागतं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञान झालं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. त्यावर विसंबून काही करा, ते सफल झालं तर खरं. पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. हे परतःप्रामाण्य.

लॉग टेबल उघडणारा प्रत्येक जण मीमांसक असतो. असावंच लागतं. प्रत्येक आकडा स्वतः काढायचा तर टेबल कशाला? माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या लंबकाच्या प्रयोगात बाध आला होता! ९९४ हा बाध होता, तीन वेळा आला होता. मीमांसकानंही तिथं टेबलाकडे बघितलं असतं. मी मीमांसक नव्हतो, नैयायिकही नव्हतो. मी फक्त घाबरलेला मुलगा होतो, आणि छापील आकड्यापेक्षा स्वतःला खोटं मानणं मला सोपं गेलं.

काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

"सर, कॅल्क्युलेटर चुकत नाही ना?" चुकतो. १९९४ मध्ये अमेरिकेत थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर आकडेमोड करत होते. उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी आपल्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला. कित्येक महिने एकेक कारण बाद करत गेले. शेवटी निघालं की इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकारासाठी एक टेबल कोरलेलं होतं आणि त्यातल्या पाच जागा चुकून रिकाम्या राहिल्या होत्या. टेबलच! माझं सीताबर्डीचं पुस्तक काचेत घालून ठेवल्यासारखं.

मागून एक काका विचारतात, "एवढं घोटून शेतकऱ्याले काय मिळते?" काका, धानाला भाव मिळत नाही यानं, हे खरं आहे. पण काट्यावर वजन करताना तुम्ही काटेवाल्याला म्हणता ना, पोतं उतरव आणि पुन्हा ठेव? लॉग टेबलाला तेच म्हणायचं.

आणि पहिल्या बाकावरून चिठ्ठी आली आहे, "३ चा लॉग असाच निघेल का?" निघेल. ३ चा दहावा घात किती? वहीत कर... ५९०४९, बरोबर. किती आकडे? पाच. म्हणजे पहिला आकडा ४. आता दहा हजारांनी भाग, ५.९०४९, आणि पुन्हा दहावा घात. नाही, ५.९ घेऊ नकोस. चारही दशांश सांभाळ. आठ आकडे यायला हवेत. मी चहा पिऊन येतो तोवर.